घोडं कसं आहे?

"वायर काढू नकोस, तम्मा. जरा थांब."

टेबलाखाली शिरलेल्या धाकट्या भावानं, महेशकुमारनं, मान वळवून वर पाहिलं. त्याच्या केसांना कोळ्याची जाळी लागली होती. "अक्का, संध्याकाळी निघायचंय मला. हे सगळं काढून गाडीत घालायला वेळ लागतोय."

"एकदा चालू करून दाखव. अप्पा काय खेळायलते ते बघू दे मला."

"तू बघणार?" तो टेबलाखालून बाहेर आला आणि हात झटकत हसला. "तू आन गेम? लायब्ररीत पोरगं मोबाईल घेऊन बसलं तर बाहेर काढतीस की तू."

सुधारानी कलबुर्गीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती, आणि तो म्हणत होता ते खरंच होतं. ती पाटावर बसावं तशी अप्पांच्या खुर्चीत मांडी घालून बसली.

अप्पांना, म्हणजे माणिकप्पांना, जाऊन दोन आठवडे होत आले होते. बीदरजवळच्या कमठाण्याच्या शेतात, बांधालगतच्या बेलाच्या झाडापासून जवळच, लिंगायत रीतीनं त्यांना समाधी दिली होती. खड्ड्याच्या कोनाड्यात मांडी घालून बसवलेलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळाला भस्म. परवा शिवगणाराधना झाली, गाव जेवून गेलं. आता घरात फक्त परत करायची भांडी उरली होती आणि हा कॉम्प्युटर. तो महेशचाच जुना. गेल्या वर्षी डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं, हृदय थकलंय, चालणं-फिरणं कमी करा. जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून खेडोपाडी सायकल हाणलेला माणूस घरात बसेना. मग महेशनं हैदराबादहून कॉम्प्युटर आणून दिला, त्यात एक खेळ घालून दिला आणि म्हणाला, "हितं बसून फिरा आता, किती फिरायचं तेवढं." आता तो कॉम्प्युटर त्याच्या मुलासाठी परत चालला होता. नेण्याआधी आतलं सगळं पुसून टाकायचं होतं.

पडदा उजळायला वेळ लागत होता. तेवढ्यात सुधारानीचा फोन वाजला. कलबुर्गीच्या औषधाच्या दुकानातले शिवकुमार होते. अप्पांची एक गोळी बीदरला मिळेल याचा भरवसा नसायचा, म्हणून दर महिन्याला ती त्यांच्याकडून घेऊन बसच्या ड्रायव्हरजवळ पाठवायची.

"मॅडम, गोळ्या आल्यात. बसवर देऊ का? अप्पा कसे हैत?"

"बरे हैत," सुधारानी म्हणाली. "बसवर नका देऊ. मी येऊन नेते."

फोन ठेवला. पलीकडे भांडी वेगळी करत बसलेल्या आईनं, लिंगम्मांनी, मान वर केली नाही.

"कोण व्हतं?"

"औषधवाले."

"मग सांगितलीस न्हाई कामून?"

सुधारानीनं फोन पालथा ठेवला. असं पहिल्यांदाच झालं नव्हतं. कॉलेजच्या शिपायाला, कलबुर्गीतल्या शेजारणीला, सगळ्यांना ती "बरे हैत" सांगत आली होती. आत्म्याविषयी माणसांनी जे जे लिहून ठेवलंय त्यातलं बरंच तिनं वाचलं होतं. जीव शरीरात पाहुणा असतो म्हणणारे, जीव म्हणजे फक्त शरीराची हालचाल म्हणणारे, काहीच नसतं म्हणणारे. त्या सगळ्या पुस्तकांना तिनं स्वतःच्या हातानं नंबर टाकले होते. आणि 'अप्पा गेले' हे दोन शब्द काही तोंडातून निघत नव्हते.

"माणूस गोळ्या घेऊन वाट बघत बसलंय तिकडं," लिंगम्मा म्हणाल्या आणि कढईत कढई घातली.

पडद्यावर डोंगर उगवले. लांबवर एक किल्ला, अलीकडे झाडी, झाडीतून जाणारा पांढरा रस्ता. रस्त्यावर एक माणूस पाठमोरा उभा होता. पांढरे केस, वाकलेली पाठ. कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत नाव होतं, माणिकप्पा.

"सगळे लोक आपला माणूस जवान करतेत," महेश म्हणाला. "तलवार, दंड, छाती. ह्यांनी म्हातारा केला. मी म्हणालो, अप्पा, हितं पाहिजे ते वय घेता येतंय. तर म्हणाले, वय काय घ्यायची गोष्ट हाय व्हय?"

त्यानं एक बटण दाबलं. म्हातारा एक एक पाऊल टाकत चालू लागला, ओल्या रानातून चालावं तसा.

"इतकं हळू?"

"ओझं झालंय. थैलीत लई वजन झालं की पळता येत न्हाई. बघ." त्यानं थैली उघडली. भाकरीचे तुकडे, कसल्या कसल्या मुळ्या, एक सुरी. आणि एक खोगीर. वजनाचा आकडा जवळजवळ सगळा त्या खोगिराचाच होता. "हे बघ. सहा महिने हे पाठीवर घेऊन फिरायलेत. किती सांगितलो, विका म्हणून. घोडंच न्हाई तर खोगीर काय करायचंय?"

"घोडं कुठं गेलं?"

महेशनं डोकं खाजवलं. "मेलं. कड्यावरून उतरताना घसरलं. त्यात काय न्हाई, अक्का, ह्या खेळात घोडं मरतच असतंय. कुठल्याबी देवळापाशी जायचं, एक बटण दाबलं की शिट्टी वाजती, घोडं पळत येतंय. तेच घोडं. त्याचा जीव परत येतो म्हणतेत खेळात. फुकट हाय, काय लागत न्हाई."

"मग?"

"मग काय, वाजवली न्हाई शिट्टी."

सुधारानी त्या वाकलेल्या पाठीकडे पाहत राहिली. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या मनात दुःखाच्या जागी दुसरं काहीतरी हललं. एखाद्या पुस्तकाची मधली पानं कुणीतरी फाडून नेलीत हे कळावं तसं.

"कामून न्हाई वाजवली?"

"मलाच विचारायलते फोनवर. म्हणाले, महेश, ते येतंय ते तेच घोडं असतंय का? मी म्हणालो, तेच. ताकद तीच, रंग तोच, तुमची ओळख बी ऱ्हाती. तर म्हणाले, मग मधल्या वेळात ते कुठं असतंय?"

"तू काय सांगितलास?"

"काय सांगणार? मी ऑफिसात व्हतो. म्हणालो, कुठंच नसतंय, अप्पा. नंबर असतेत नुसते, बाकी काय न्हाई. तर म्हणाले, मुडबीच्या दवाखान्यात एका रंगाच्या, एका मापाच्या दोन गाई आणून बांध. वासराला इचार, दोन्ही एकच हैत का म्हणून."

लिंगम्मा पदराला हात पुसत आल्या आणि दारात टेकल्या. "त्या घोड्यानं मला लई छळलंय बग," त्या म्हणाल्या. "ते मेलं त्या दिवशी हे कॉम्पुटर बंदच करू देईनात. बंद केलं की मढं नाईसं होतंय म्हणे. भर उन्हाळा, वीज गेली, तर इन्व्हर्टरवर हे चालू आन फॅन बंद. मी पदरानं वारा घेत बसले. म्हणाले, जरा कळ काढ, लिंगू, मातीआड व्हईपतोर सोडून जाता येत न्हाई."

"मला फोन केले," महेश म्हणाला. "खड्डा कसा खणायचा म्हणून. मी म्हणालो, अप्पा, ह्या खेळात माणूस मारायच्या शंभर तऱ्हा हैत, पुरायची एक बी न्हाई."

"मग?"

"मग इन्व्हर्टर बसला," लिंगम्मा म्हणाल्या. "वीज आली तवा घोडं न्हाई, काय न्हाई. नुसतं गवत. हे बसले माझ्याकडं बघत. मी काय केले त्याला? मी म्हणाले, चला, जेवा."

महेशला हसू आलं, मग ते त्यानं आवरलं. "मी सांगितलो व्हतो की, मागचा सेव्ह केलेला खेळ उघडा. घोडं जिवंत असतानाचं ठेवलेलं असतंय त्यात. तिथून परत खेळायचं, कड्याकडं जायचंच न्हाई. म्हणजे ते मेलंच न्हाई. तर म्हणाले, मग मी त्याच्यापाशी बसलो ते बी बसलोच न्हाई असं व्हईल."

पडद्यावरचा माणिकप्पा उभ्या उभ्या श्वास घेत होता. खेळानं त्याला श्वास दिला होता. कुणी हात लावो न लावो, त्याचे खांदे वर-खाली होत होते. शेवटच्या दिवसांत पलंगावर असेच होत होते, सुधारानीला वाटलं. तिनं नजर काढली नाही.

अप्पांनी शिट्टी का वाजवली नाही? आपल्यात गेलेला माणूस लिंगैक्य होतो, परत यायचं नसतं, हे अप्पा लहानपणापासून ऐकत आलेले. तेवढ्यासाठी? की येणारं घोडं दुसरंच असेल आणि आपण त्याला पहिल्याचं नाव देऊन फसवू, ही भीती? पण मग दुसरं घोडं विकत घ्यायला काय हरकत होती? आणि यातलं काहीही असो, ते खोगीर कशाला? मेलेल्याचं सामान सहा महिने पाठीवर घेऊन हा म्हातारा चालला कुठं होता?

"खेळता यायचं न्हाई त्यांना, अक्का," महेश हळूच म्हणाला. "तू लई विचार करायलीस. अडकले व्हते नुसते. खेळातल्या गावातल्या बाहुल्यांशी बोलत बसायचे. ती माणसं एकच वाक्य बोलतेत, कितीदा बी जा. मी म्हणालो, अप्पा, ह्यांच्यात जीव न्हाई, उत्तर नका देत बसू. तर म्हणाले, एकच वाक्य बोलतंय म्हणून जीव न्हाई म्हणतोस, मग आपल्या कट्ट्यावरल्या म्हाताऱ्यांचं काय करू?"

बाहेर मोटरसायकल थांबली. चपला काढल्याचा आवाज झाला आणि दारात एक उंच, वाळलेले गृहस्थ उभे राहिले. डोक्याला पांढरा पटका. लिंगम्मांनी ओळखलं. "अंकुशराव? या की."

मुडबीचे अंकुशराव. माणिकप्पांनी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली, तेव्हापासूनच्या ओळखीचे. त्यांना कळलंच काल होतं. ते सतरंजीवर बसले, पाणी घेतलं. मग पडद्याकडे बघून म्हणाले, "हे काय चालू हाय?"

"अप्पांचा खेळ हाय, काका," महेश म्हणाला. "त्यात घोड्याचं दुकान हाय बघा, त्या दुकानदाराला अप्पा तुमचं नाव ठेवलते. अंकुशराव म्हणायचे त्याला."

"मला?" अंकुशराव थोडे हसले. "मी कधी घोडं विकलो?"

"म्हणायचे, तोंडावळा तसाच हाय."

"तोंडावळा," अंकुशराव म्हणाले आणि पटक्याचं टोक चाचपत राहिले. "माझा एक बैल व्हता. पाठक्या. पोट फुगलं म्हणून दवाखान्यात नेलतो. लई मोठा बैल, वयनी, तुम्ही बघितला असाल. डॉक्टर कुठं मिटिंगला गेलते. हे एकटे. जमंल ते केले, सगळी रात बसले. सकाळी मला म्हणाले, घरी जाऊन भाकरी खाऊन या. मी हिकडं आलो आन तिकडं बैल गेला." ते थांबले. "दुपारी बघतो तर हे सायकल हातात धरून चालत यायलेत. खांद्यावर बैलाचं दावं आन घुंगरमाळ. एवढी जड माळ. सायकलीला अडकवले असते तर चाललं असतं की. म्हणालो, कुणाच्या हाती पाठवून द्यायचं, माणिकप्पा. कामून तुम्ही आलाव? तर म्हणाले, दावं ज्याचं त्याच्या हातात द्यावं लागतंय, अंकुशराव. मधी दुसऱ्याला देता येत न्हाई."

"सगळ्यांकडं असंच जायचे," लिंगम्मा म्हणाल्या. "जनावर मेलं की ह्यांच्या पायाला चाक. घरी चूल विझायची, तरी यायचे न्हाईत."

"आन काय बोलायचे न्हाईत," अंकुशराव म्हणाले. "दावं द्यायचे आन उभं ऱ्हायचे. मालकानं पाणी दिल्याबिगर परत फिरायचे न्हाईत. मला तर त्या दिवशी ते बी सुचलं न्हाई, पोरीनं तांब्या आणून दिला."

सुधारानी खुर्चीत ताठ झाली. "तम्मा, ते घोडं अप्पांनी कुठं घेतलं होतं?"

"कुठं म्हणजे? पहिल्या गावात. सगळ्यांना तिथंच भेटतंय. त्या अंकुशराववाल्या दुकानात."

"आता हे कुठं उभे आहेत?"

महेशनं नकाशा उघडला. डोंगर, नद्या, आणि त्यातून गेलेली एक बारीक रेघ, म्हातारा जिथून जिथून चालत आला ती. रेघ वरच्या कोपऱ्यात कड्यापाशी सुरू होत होती. अख्खा मुलुख तिरका ओलांडून ती खाली आली होती, कुठंही न वळता. वाटेतलं एकही देऊळ, एकही किल्ला तिनं शिवला नव्हता. पहिल्या गावाच्या थोडंसंच अलीकडे ती थांबली होती.

महेश ते बघत राहिला. "मला वाटलं अडकले," तो म्हणाला.

"मला चालवायला शिकव," सुधारानी म्हणाली.

"वर देऊळ हाय, अक्का. शिट्टी मारू का? दोन मिनिटात पोचतीस."

"नको."

तिनं बटणावर बोट ठेवलं. म्हातारा निघाला. तो हळूहळू चालत होता आणि त्याला घाई करायचा काही मार्ग नव्हता. चहा आला, निवला. अंकुशराव सतरंजीवरून उठून मागं येऊन उभे राहिले, लिंगम्माही. पाऊलवाट, लाकडी पूल, मग कौलारू घरं. एक बाई विहिरीवर उभी होती. ती म्हणाली, आज हवा बरी आहे. ती इंग्रजीत म्हणाली; सुधारानीनं आईला अर्थ सांगितला.

"बोल की तिला काय तरी," लिंगम्मा म्हणाल्या. "हे बोलायचे."

"व्हय, बरी आहे," सुधारानी पडद्याला म्हणाली.

तबेला गावाच्या टोकाला होता. दारात एक उंच, वाळलेला माणूस उभा होता, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. महेशनं अंकुशरावांकडे चोरून पाहिलं. माणिकप्पा जवळ जाताच तो माणूस वळला आणि म्हणाला, आलास परत? माझं घोडं कसं आहे?

"हे सगळ्यांना विचारतो तो," महेश म्हणाला. "कितीदा बी ये, हेच विचारतंय."

सुधारानीनं थैली उघडली. त्या माणसाला काही देण्याची सोयच खेळात नव्हती. विकता येत होतं, किंवा खाली ठेवता येत होतं. तिनं खोगीर निवडलं आणि खाली ठेवलं. ते तबेल्याच्या दारात, त्या माणसाच्या पायाशी आडवं पडलं.

आणि माणिकप्पा सरळ झाला. वाकलेली पाठ हळूहळू वर आली, खांदे मागे गेले. कुणी काही दाबलं नव्हतं. ओझं उतरल्यावर खेळात तसंच होत असणार. पण लिंगम्मांनी मागून सुधारानीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

माझं घोडं कसं आहे, त्या माणसानं पुन्हा विचारलं.

अंकुशरावांनी खाली बघून नाक पुसलं.

थोड्या वेळानं महेश म्हणाला, "अक्का, हे पुसावं वाटंना आता. राहू दे की असंच. पोराला दुसरं काढून देतो."

सुधारानीनं त्या ताठ उभ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. पडदा मिटल्यावर हा कुठं असेल? कुठंच नसेल, नंबर असतील नुसते. किंवा बेलाच्या झाडापासून जवळच कुठंतरी. मधल्या वेळात ते कुठं असतंय, हा प्रश्न अप्पांनी सोडवला नव्हता. तो तसाच ठेवून ते आपल्या कामाला लागले होते.

"पूस," ती म्हणाली. "त्यांचं पोचवून झालंय."

दुसऱ्या दिवशी ती कलबुर्गीला उतरली ती घरी न जाता आधी दुकानाकडे गेली. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. शिवकुमारांनी तिला पाहिलं आणि कप्प्यातून गोळ्यांचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"तुम्ही कशाला आलात, मॅडम? मी दिल्या असत्या की बसवर. अप्पा कसे हैत?"

सुधारानीनं पर्समधून कापडी पिशवी काढली. अप्पांच्या उशाशी उरलेल्या गोळ्या तिनं आज सकाळी एकेक पट्टी सारखी करून तिच्यात भरल्या होत्या. तिनं ती त्या पाकिटाशेजारी ठेवली, हात बाजूला घेतला आणि उभी राहिली.

शिवकुमारांनी पिशवीत डोकावलं, मग तिच्याकडे पाहिलं. ते मागच्या माठाकडे गेले, पेला विसळला आणि भरून आणून तिच्या पुढ्यात ठेवला.

सुधारानी पाणी प्यायली, सगळं.